देवळाचा कळस आणि घरची कणगी

(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून वक्त्यांनी ते लिहून दिले आहे.)



श्रीमारुतीरायाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या तन-मन-धनाच्या साहाय्याने आज कळस चढला. डोळ्यांचे पारणे फिटले. मला समितीने विषय दिला आहे तो 'गावातील दारिद्र्य आणि आपले कर्तव्य'. पंगतीची पाने मांडून झाली आहेत हे मला इथून दिसते आहे, म्हणून भात निवायच्या आत आटोपण्याचा प्रयत्न करतो. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाच्या 'आटोपतो' या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, ते आपण ठरवा.

आपला हिंगोली जिल्हा कागदावर १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण आपल्या मातीची ओळख फार जुनी आहे. नरसी ही नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी नामदेवांना देव कुठे नाही ते दाखवले, अशी कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. त्याच औंढ्याच्या देवळाच्या जीर्णोद्धारात अहिल्याबाई होळकरांचे नाव आदराने घेतले जाते. या मातोश्रींनी देवळे बांधली तशाच विहिरी बांधल्या, घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या. देवाचे काम आणि वाटसरूच्या तहानेचे काम त्यांनी दोन वेगळ्या वह्यांत लिहिले नाही. आपल्या वहीत मात्र एक चूक झाली होती, आणि ती वही माझ्या हातात होती. म्हणून आधी ती चूक सांगतो.

जीर्णोद्धाराची पहिली बैठक पारावर झाली तेव्हा वर्गणीचा प्रश्न निघाला. कुणी म्हणाले एकरावर घ्या, कुणी म्हणाले ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा. शेवटी ठरले की दर उंबरठ्याला दोन हजार रुपये, सगळ्यांना सारखे, म्हणजे कुणाला कमीपणा नको. मी हात वर केला. सारखेपणाचा मोह मास्तरला लवकर पडतो. पुढे आषाढात पावतीपुस्तक घेऊन मी वस्तीत गेलो. एका घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन लेकरे, घर चालवणारी एकटी बाई. तिने लुगड्याच्या गाठीतून दोन हजार काढून माझ्या हातावर ठेवले. मी पावती लिहायला घेतली तर म्हणाली, "गुर्जी, पावतीवर मुकादमाचं नाव लिवा. पैसे त्याचेच हायेत."

ती थट्टा करत नव्हती आणि टोमणाही मारत नव्हती. तिच्या हिशेबाने ते बरोबरच होते. ऊसतोडीची उचल घेतली होती, त्यातले दोन हजार देवाला, थोडे औषधाला, थोडे किराण्याला. आता दसरा झाला की भावासोबत कोयता करून तिला जायचे होते. मी पावतीवर तिचेच नाव लिहिले. पण घरी आल्यावर वही उघडवेना.

बंधूंनो, आपल्या गावात दारिद्र्य म्हणजे काय, असे बाहेरचा कुणी विचारील तर आपण कोरडवाहू जमीन, पावसाची लहर, पोरांना नोकऱ्या नाहीत, अशी यादी सांगतो. ती खोटी नाही. पण मजुरीवर जगणाऱ्या घरात बसून बारा महिन्यांचा हिशेब मांडला तर दिसते की सगळे वर्ष सारखे वाईट नसते. चैत्र-वैशाखात हळदीचे काम असते. काढणी, शिजवणे, पॉलिश, मोंढ्यावर नेणे. मृगात पेरणी, मग थोडी खुरपणी. सोयाबीन निघाले की पुन्हा हात चालतात. मधले आषाढ आणि श्रावण हे दोन महिने मात्र असे असतात की काम तुटक, कणगी रिकामी, शाळेचा खर्च उभा, आणि पावसाळ्याची दुखणी दारात. मुकादम नेमका त्याच वेळी गावात येतो. तो वाईट माणूस आहे असे मी म्हणणार नाही. त्यालाही कारखान्याची उचल असते, त्याच्याही मानेवर कुणी बसलेले असते. पण दोन महिन्यांच्या दाण्यासाठी माणूस सहा महिन्यांचे अंग गहाण टाकतो. या उचलीला कागदावर व्याज दिसत नाही. ते पडेल त्या दराने काम करण्यात असते, आणि पैसे फिटले नाहीत तर पुढच्या साली पुन्हा जाण्यात असते.

आपल्या लहानपणी हे असे नव्हते काय? गरिबी तेव्हाही होती, उलट जास्त होती. १९७२ चा दुष्काळ या मंडपातल्या पिकल्या केसांनी पाहिला आहे. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे इथे समोर बसली आहेत. पण तेव्हा रानात ज्वारी होती. खळ्यावर रास पडली की मजुराला दाणे मिळत, अलुतेदार-बलुतेदाराला मिळत, म्हातारीकोतारी कणसे वेचून दोन पायल्या घरी नेत. त्यात लाचारी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ज्यांनी ती सोसली ते ती परत मागणार नाहीत. आता रानात सोयाबीन आहे. त्याने शेतकऱ्याच्या हातात रोकड आली. पण सोयाबीनची भाकरी होत नाही. मळणीयंत्राखालून पोते निघते ते थेट मोंढ्यावर जाते. मजुराला रोख मिळते आणि दाणे त्याने दुकानातून आणायचे. रेशनचा आधार मोठा आहे, अंत्योदयाच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. पण ज्याचे कार्डच वेगळे झाले नाही, सुनेचे नाव चढले नाही, अंगठा यंत्रावर उमटत नाही, त्याने काय करायचे?

तर ती पावती मी पुढच्या बैठकीत सांगितली. नाव सांगितले नाही. क्षणभर सगळे गप्प झाले, आणि मग भांडण झाले. एक ज्येष्ठ म्हणाले, देवाला दिलेले परत घेत नसतात. तरुण मंडळाची पोरे म्हणाली, मग पहिल्या पायरीवर मुकादमाचे नाव कोरा. त्या दिवशी बचत गटाच्या बायका हिशेब द्यायला म्हणून आल्या होत्या, त्यातल्या एक मावशी शांतपणे बोलल्या की अशी घरे एक नाही, किती आहेत ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही दारात उभे राहून पावती फाडता, आत येत नाही. त्यांचे खरे होते. त्या बैठकीत उंबरठ्याचा दर मोडला. यथाशक्ती देणगी, आणि ज्याला जमत नाही त्याचे श्रमदान, असे ठरले. तोपर्यंत ज्यांनी कर्ज काढून दिले होते त्यांचे पैसे चार-पाच सधन घरांनी गुप्तपणे भरून काढले आणि गटाच्या बायकांनी ते त्या-त्या घरी पोचवले. देवाचे देवाकडे राहिले आणि घरचे घरी गेले.

तिथून आपल्या गावात जे सुरू झाले त्याला अजून नाव नाही. ना नोंदणी, ना लेटरपॅड. भजनी मंडळ, महिलांचे बचत गट, तरुण मंडळ, आम्ही काही निवृत्त, आणि पुण्याला कंपनीत असलेली गावची पोरे. ही सगळी आधीपासून होतीच, फक्त एकमेकांची तोंडे पाहत नव्हती. देवळाच्या कामाने ती एका चटईवर आली. पहिले काम केले ते घरोघर बसण्याचे. हातात फॉर्म न्यायचा नाही, असा बायकांचा दंडक. एकच विचारायचे, घरचे दाणे कोणत्या महिन्यापर्यंत पुरतात? या प्रश्नाचे उत्तर कुणी खोटे देत नाही.

या वाटेने जाणारे आपण पहिले नव्हे. नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीची गोष्ट आपण ऐकली असेल, पण ती सुरू कुठून झाली हे अनेकांना माहीत नसते. ती सुरू झाली देवळापासून. अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास सैन्यातून गावी आले, तेव्हा यादवबाबांचे मंदिर मोडकळीला आले होते. त्याची लाकडे दारूच्या भट्टीला जळत. त्यांनी आपल्या फंडाचे पैसे घालून ते उभे केले, आणि मग लोक म्हणू लागले, आम्ही काय करू? तरुण मंडळ, श्रमदान, ओढ्यावर बांध हे सगळे त्यानंतरचे. १९८० मध्ये त्याच मंदिरात धान्य बँक निघाली. ज्याच्याकडे अधिक पिकले त्याने घालायचे, ज्याला अडचण आहे त्याने न्यायचे, आणि पुढे वाढवून परत करायचे. अण्णांच्या पुढच्या आंदोलनांबद्दल ज्याचे त्याचे मत असेल, तो आजचा विषय नाही. देवळाच्या खोलीत धान्याची थप्पी असली की सावकाराची पायरी चढावी लागत नाही, एवढे त्या गावाकडून आम्ही घेतले.

आणि घेतल्यावर ठेच खाल्ली, तीही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी १४ पोती जमली. बहुतेक गहू, कारण ज्वारी पेरतो कोण? जुन्या भांडारखोलीत थप्पी लावली आणि पहिल्याच पावसात दोन पोत्यांना ओल लागली. कडुनिंबाचा पाला घातला होता, पण खाली फळ्या टाकायला विसरलो. तीन पिढ्या शेती करणाऱ्या गावाचे हे ज्ञान! उरलेल्या १२ पोत्यांपैकी परत आली ९. ज्यांची आली नाहीत त्यांना फळ्यावर नावे लिहून लाजवावे, असा एक प्रस्ताव आला होता. मी त्याच्या बाजूने होतो, खोटे कशाला बोलू. बायकांनी तो हाणून पाडला. त्या म्हणाल्या, नाव लागले की तो माणूस पुढच्या आषाढात इथे येणार नाही, मुकादमाकडे जाईल, मग बँक कुणासाठी? आता नियम असा आहे की नेले तितके परत, वर पोत्यामागे एक पायली. दाणे जमले नाहीत तर कामाचे दिवस. ज्या तीन घरांचे राहिले होते त्यांतल्या दोन घरच्या माणसांनी या मंडपाची माती उपसली आहे. तिसऱ्याचे अजून येणे आहे. आम्ही वाट पाहतो आहोत.

दाणे हा पहिला टेकू झाला. उचल मोडायची तर रोख लागते, आणि तिथे बचत गट कामाला येतो. दहा-पंधरा बायका ठरलेल्या दिवशी बसतात, ठरलेली रक्कम टाकतात, आपसांत कर्ज घेतात, ते वेळेवर फेडतात आणि सगळे वहीत लिहितात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. याला पंचसूत्री म्हणतात. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, पुढे 'उमेद' आले. ही सगळी शासनाची चौकट. पण चौकटीत दार बसवावे लागते. ज्या गटाची बैठक चुकते तो गट कर्ज मिळाले की फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या एका गटाने त्या बाईला आषाढात कर्ज दिले, दुसऱ्या वर्षी. तिने उचल घेतली नाही असे नाही, अर्धी घेतली. भाऊ गेला, ती गावात राहिली, लेकरे शाळेत राहिली. अर्धी उचल म्हणजे अर्धे दारिद्र्य गेले असे मी म्हणत नाही. पण नवऱ्याला दवाखान्यात न्यायला घरात माणूस राहिले.

आता जरा अवघड बोलतो. अशा कामात बसतो कोण, यावर त्याचे फळ ठरते. पुण्याचे विलासराव साळुंखे हे इंजिनिअर, उद्योजक. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ होऊन ते पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. १९७४ साली त्यांनी तिथली सुमारे ४० एकर माळरानाची जमीन भाडेपट्ट्याने घेतली, आणि ती जमीन होती देवस्थानची! तिथे पाणी अडवून दाखवले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने: माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा मात्र लाभार्थ्यांनीच उभा करायचा. आपण उंबरठा मोजला, त्यांनी माणसे मोजली.

म्हणून मी समितीपुढे जाहीरपणे मागणे ठेवतो. जीर्णोद्धार समितीचे काम आज संपले असे कुणी म्हणेल. ती विसर्जित करू नये. तिच्यात वस्तीतली दोन माणसे आणि गटाच्या दोन बायका घ्याव्यात, आणि त्यांनी सतरंजीच्या कडेला नाही, मध्ये बसावे. उचल घेऊन वर्गणी देणारे घर त्या पहिल्या बैठकीत असते, तर दोन हजारांचा ठराव झालाच नसता. यंदा एक गोष्ट चांगली झाली. मुहूर्त माघात निघत होता. तेव्हा तोडीला गेलेली घरे कुलूपबंद असतात. गटाच्या बायका अडून बसल्या, गुरुजनांनी वैशाखातला दिवस काढून दिला, आणि आज ती माणसे इथे बसली आहेत. ज्यांनी पायाची माती उपसली त्यांच्या पाठीमागे कळस चढवला असता, तर मारुतीरायाने काय म्हटले असते?

आता देणगीदार बंधूंशी दोन शब्द. आपण शहरात राहता, आपल्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. राज्याने तो १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. म्हणजे शहरातला कारकून कित्येक वर्षे खेड्यातल्या मजुराच्या घामाला पैसे पुरवत होता, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. त्या दिवसांत आम्ही एक धडा शिकलो. कायद्याने हक्क दिला तरी मागणीचा अर्ज दिल्याखेरीज काम निघत नसे, आणि तारखेची पोच घेतली नाही तर अर्ज दिला होता याला पुरावा राहत नसे. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, तरी आपल्या गावात पात्र असून पगार न मिळणारी म्हातारी माणसे निघाली. कुणाचा वयाचा दाखला नाही, कुणाचा उत्पन्नाचा, कुणाचे बँकेत नाव एक आणि आधारावर दुसरे. तहसीलची एक खेप म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे, तीन खेपांत तो कंटाळतो. आता तरुण मंडळाची दोन पोरे पाळीने जातात, पाच-सहा जणांची कागदे एकदम नेतात. यात वीरश्री काही नाही. रांगेत उभे राहणे आहे.

पैसा हवाच आहे, नको असे म्हणणारा मी साधू नाही. भांडारखोलीला पत्रे हवेत, खाली फळ्या हव्यात. पण आपण फरशीवर नाव कोरण्याची देणगी दिली, तशीच एक बिननावाची देणगी द्या: वर्षातले चार दिवस. कुणी शेतमालाचा भाव समजावून सांगा, कुणी पोरींना पुढच्या शिक्षणाचे फॉर्म भरून द्या, कुणी डॉक्टर असाल तर श्रावणात एक फेरी मारा. आपल्याच जिल्ह्यातल्या कडोळीत १९१६ साली जन्मलेले नानाजी देशमुख लहानपणी शिक्षणासाठी भाजी विकत. साठी उलटल्यावर त्यांनी सत्तेचे राजकारण सोडले आणि आधी गोंड्यात, मग चित्रकूटच्या परिसरात खेड्यांचे काम मांडले. तिथे त्यांनी शिकलेली जोडपी गावात राहायला पाठवली. येऊन भाषण करायला नव्हे, राहायला. आपल्या मातीतल्या माणसाने ते परक्या मुलखात करून दाखवले.

तोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचेही ठरवायचे आहे. आईबाप गेले की पोर एक तर फडात जाते, नाही तर आजीपाशी अर्धपोटी राहते. हंगामी वसतिगृहाची सोय शासनाने केलेली आहे, पण मागणी वेळेत जावी लागते, आणि संध्याकाळी लेकरे मोजणारे कुणीतरी लागते. यंदा १७ पोरांची यादी तयार आहे. सांजेला अभ्यास घ्यायला मी आहे, गुडघे चालतात तोवर. स्वयंपाकाचे गटाच्या बायका पाहतील. रात्री सोबत झोपायला दोन माणसे कमी पडत आहेत; भजनी मंडळाने पाहावे, नाहीतरी आपण रात्री जागेच असतो.

धान्याचे सांगून बसतो. यंदा भांडारखोली मृगाच्या आत भरायची आहे. ज्यांच्याकडे ज्वारीची रास झाली आहे त्यांनी ज्वारी द्यावी, नसेल त्यांनी गहू, हळदवाल्यांनी हळद विकून आली की पैसे दिले तरी चालतील, त्याचे दाणे आपण घेऊ. माप तरुण मंडळ करील, वही गटाच्या मावशींकडे राहील, किल्ली पुजारीबुवांकडे. पोत्यावर नाव घालू नये. ओले धान्य आणू नये. दर शनिवारी आरतीनंतर खोली उघडी असेल, आणि न्यायला येणाऱ्याने मागच्या दाराने यायची गरज नाही, सभामंडपातूनच यावे. चला, पाने वाढली आहेत.